घरातली रेंज आणि सिग्नल बूस्टरचा खरा उपयोग

गच्चीवर किंवा अंगणात उभे राहिले की फोन व्यवस्थित लागतो, मात्र आतल्या खोलीत पाऊल टाकताच आवाज तुटू लागतो, अशी ज्या घरांची अडचण आहे त्या घरांना सिग्नल बूस्टर खरोखर उपयोगी पडतो. गच्चीवरसुद्धा ज्या घराला रेंज मिळत नाही, तिथे मात्र त्याच्याकडून फार थोडी अपेक्षा ठेवावी लागते, कारण बूस्टर स्वतः कोणताही सिग्नल निर्माण करत नाही. बाहेर जो सिग्नल पोहोचलेला असतो तोच पकडतो, वाढवतो आणि भिंती टाळून केबलमधून आत आणून सोडतो. एवढा एक मुद्दा पक्का लक्षात ठेवला, तर बूस्टर घ्यावा की नाही, कोणता घ्यावा आणि तो कुठे बसवावा या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळू लागतात. आमच्या घरी ही अडचण बराच काळ होती, आणि ती सोडवताना मी जे वाचले, मोजले व पारखून पाहिले ते इथे सविस्तर मांडते आहे. बँकेचा ओटीपी फोनवर येतो, डॉक्टरांशी बोलणे फोनवर होते, घरात एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाचा मोठा आधार फोनच असतो. अशा काळात घरातली रेंज ही चैनीची बाब म्हणून बाजूला टाकता येत नाही, असे मला मनापासून वाटते.

सिग्नल घरात का शिरत नाही, हे आधी पाहू. मोबाइलच्या लहरी साधारणपणे ७०० मेगाहर्ट्झपासून ३५०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत पाठवल्या जातात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटीमीटर असते, तर ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची जेमतेम साडेआठ सेंटीमीटर. लांब लहरी भिंतींतून त्या मानाने सहज पार होतात आणि अडथळ्यांच्या कडांवरून वळून पलीकडेही पोहोचतात. आखूड लहरींना हे जमत नाही, आणि ५जीचा पुष्कळसा भाग याच आखूड लहरींवर चालत असल्यामुळे रस्त्यावर सुसाट चालणारे इंटरनेट घरात मंदावते. बांधकामाचे साहित्य ही दुसरी गोष्ट. लाकडी दार किंवा साधी काच फारसे काही अडवत नाही, विटांची भिंत थोडे अडवते, सळया घातलेले काँक्रीट बरेच अडवते, आणि पत्रा तर लहरी जवळजवळ परतच पाठवतो. उष्णता अडवण्यासाठी ज्या काचांवर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो त्या काचाही सिग्नलला मोठा अडथळा ठरतात, आणि छताखाली किंवा भिंतीत बसवलेल्या चकाकत्या फॉइलच्या उष्णतारोधक थराचेही तसेच आहे. म्हणूनच एखादे नवे, उत्तम बांधलेले, उन्हाळ्यातही थंड राहणारे घर रेंजच्या बाबतीत शेजारच्या जुन्या घरापेक्षा वाईट निघू शकते. याखेरीज टेकडी, दाट झाडी, शेजारची उंच इमारत आणि टॉवरचे अंतर ही कारणे आहेतच, पण ती घराबाहेरची आहेत. अडचण घराबाहेरची आहे की भिंतींमुळे आलेली आहे, हे ठरवणे ही पहिली पायरी होय.

त्यासाठी मोजमाप करावे लागते, आणि फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या या कामासाठी पुरेशा नाहीत. कोणत्या सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारी कंपनी आपापले ठरवते, त्यामुळे एकाच जागी एका फोनवर तीन आणि दुसऱ्यावर दोन काड्या दिसू शकतात. खरा आकडा डीबीएम या एककात असतो. अँड्रॉइड फोनमध्ये तो बहुधा सेटिंगमधल्या फोनविषयीच्या माहितीत, सिमच्या स्थितीखाली सापडतो. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* हा क्रमांक फिरवला की चाचणीचा पडदा उघडतो. हा आकडा नेहमी ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट, आणि उणे १०० डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा एक हजार कोटीवा भाग. इतक्या क्षीण सिग्नलवरही फोन बोलू शकतो याचे मला आजही कौतुक वाटते. या आकड्यांतला फरक डेसिबलमध्ये मोजतात; दर १० डेसिबलला शक्ती दहापट होते आणि दर ३ डेसिबलला सुमारे दुप्पट, हे गणित लक्षात ठेवले की पुढचे सगळे सोपे जाते.

४जी आणि ५जीसाठी जो डीबीएमचा आकडा पाहायचा त्याला आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून फोनपर्यंत पोहोचलेल्या सिग्नलची शक्ती, म्हणतात. उणे ८० किंवा त्याहून चांगला असेल तर काळजी नाही, उणे १०० च्या आसपास काम चालते, उणे ११० च्या खाली गेल्यावर बोलणे तुटू लागते आणि उणे १२० च्या जवळ फोन नेटवर्क सोडून देण्याच्या बेतात असतो. त्याच्या जोडीला एसआयएनआर हा आणखी एक आकडा असतो, आणि माझ्या मते लोक त्याच्याकडे फारच कमी लक्ष देतात. सिग्नल आणि त्यात मिसळलेला गोंधळ यांचे प्रमाण तो सांगतो. २० च्या वर असेल तर उत्तम. शून्याच्या आसपास किंवा खाली असेल तर सिग्नल जोरदार दिसत असूनही इंटरनेट रडतखडत चालते. अशा ठिकाणी बूस्टर फारशी मदत करत नाही, कारण तो सिग्नलबरोबर गोंधळही तितकाच वाढवतो आणि दोघांचे प्रमाण जसेच्या तसे राहते, उलट स्वतःचा थोडा गोंधळ त्यात मिसळल्याने ते किंचित बिघडते.

मोजताना घाई करू नये. फोन एका जागी थोडा वेळ स्थिर धरावा, आकडा थांबला की लिहून घ्यावा, आणि घराच्या चारही बाजूंना, खिडक्यांपाशी, गच्चीच्या प्रत्येक कोपऱ्यात हेच करावे. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेल्यावर १० डेसिबलचा फरक पडणे मुळीच असाधारण नाही, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. जागा बदलल्यावर फोनने नव्याने टॉवर शोधावा म्हणून एअरप्लेन मोड एकदा चालू करून बंद करावा. फोन कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्टीवर आहे तेही सोबत टिपावे, कारण बाहेर तो एका बँडवर असतो आणि आत आल्यावर निमूटपणे दुसऱ्या बँडवर जातो; ही नोंद नसेल तर पुढे बूस्टर निवडताना अंधारात चाचपडावे लागते. टॉवर कोणत्या दिशेला आहेत हे पाहण्यासाठी सेलमॅपरसारखे लोकांनी मिळून तयार केलेले नकाशे उपयोगी पडतात, मात्र त्यांतील जागा अंदाजे असतात, म्हणून शेवटचा कौल स्वतः घेतलेल्या मोजमापालाच द्यावा.

एवढे मोजून झाल्यावर, आणि बूस्टर घेण्याआधी, एक गोष्ट करून पाहावी असा माझा आग्रह आहे. घरात चांगले वाय-फाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वाय-फाय कॉलिंग चालू करावे. फोन आणि मोबाइल कंपनी दोघांचीही तशी सोय असेल, तर नेहमीच्याच नंबरवरून, कोणतेही वेगळे अ‍ॅप न घेता, कॉल इंटरनेटमार्गे होतात, आणि बहुतेक ठिकाणी एसएमएसही त्याच मार्गाने येतात. ज्या घरांची गरज केवळ बोलणे आणि ओटीपी एवढीच आहे, त्यांचा प्रश्न इथेच सुटू शकतो. त्याच्या मर्यादाही आहेत: वीज गेली की राउटर बंद पडतो, दारातून बाहेर पडताना चालू कॉल कधी कधी तुटतो, आणि साधे बटणाचे फोन वापरणाऱ्यांना त्याचा उपयोग नसतो. ज्या घरात तारेचे इंटरनेटच नाही आणि मोबाइल हेच एकमेव साधन आहे, तिथे तर हा मार्ग बंदच असतो. बूस्टरची खरी गरज अशा घरांना असते.

आता प्रत्यक्ष उपकरणाकडे वळू. बाहेर, शक्यतो उंचावर, एक अँटेना बसवतात; तिथून केबल आत येते; ती बूस्टरच्या पेटीला जोडतात; पेटीतून दुसरी केबल निघते आणि आतल्या अँटेनापर्यंत जाते. टॉवरकडून येणारा सिग्नल या वाटेने आत येतो, आणि आपल्या फोनचा सिग्नल याच वाटेने उलटा बाहेर जातो. ही दुसरी दिशा लोक विसरतात. टॉवर मोठ्या शक्तीने बोलतो, तर ४जी फोनची कमाल शक्ती असते सुमारे २०० मिलिवॅट. त्यामुळे आपल्याला समोरच्याचे स्पष्ट ऐकू येते पण त्याला आपले ऐकू जात नाही, अशी स्थिती रेंजच्या कडेला पुष्कळदा येते, आणि बूस्टर जाणारा सिग्नलही वाढवतो म्हणून ती सुधारते. आतल्या अँटेनाजवळ फोनला ओरडून बोलावे लागत नाही, तो आपली शक्ती कमी करतो आणि त्याची बॅटरीही जास्त पुरते.

यातले गणित एकदा आकड्यांनी करून पाहिले की अपेक्षा जमिनीवर येतात. समजा गच्चीवर उणे १०० सिग्नल आहे. बाहेरच्या अँटेनाने त्यात ९ डेसिबलची भर घातली, केबलने ४ डेसिबल खाल्ले, पेटीने ६० वाढवले, आतल्या केबलने २ घेतले आणि आतल्या अँटेनाने ३ दिले. म्हणजे आतल्या अँटेनातून बाहेर पडताना सिग्नल उणे ३४ झाला. पण हवेतून जाताना तो भराभर विरतो: ९०० मेगाहर्ट्झला मोकळ्या जागेत पहिल्या ५ मीटरमध्येच सुमारे ४५ डेसिबल जातात, म्हणजे तिथे फोनला उणे ८० च्या आसपास मिळतात. १० मीटरवर आणखी ६ कमी होतात, आणि मध्ये एखादी जाड भिंत आली तर १० किंवा अधिक. तरीही घर चालते. आता याच घराच्या गच्चीवर उणे १०० ऐवजी उणे ११५ असते, तर प्रत्येक आकडा १५ ने घसरला असता, ५ मीटरवर उणे ९५ मिळाले असते आणि १० मीटरवर भिंतीपलीकडे बोलणे तुटू लागले असते. एकच पेटी एका घरात तीन खोल्या उजळते आणि दुसऱ्या घरात एका टेबलापुरती उरते, त्याचे कारण एवढेच आहे. पाकिटावर लिहिलेले चौरस फुटांचे आकडे बाहेर उत्तम सिग्नल आहे असे गृहीत धरून दिलेले असतात, म्हणून त्यांच्यावर विसंबून निर्णय घेऊ नये.

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ ज्यात जातो आणि ज्यामुळे बसवलेला बूस्टर निकामी ठरतो, ती गोष्ट म्हणजे दोन अँटेनांमधले अंतर. आतल्या अँटेनाने सोडलेला सिग्नल बाहेरच्या अँटेनापर्यंत परत पोहोचला, तर तो पुन्हा वाढवला जातो, पुन्हा आत येतो, पुन्हा बाहेर पोहोचतो, आणि हे चक्र सुरूच राहते. सभेत माइक स्पीकरच्या समोर आला की जी कर्कश किंकाळी उठते, तोच हा प्रकार, फक्त तो कानाला ऐकू येत नाही. चांगल्या बूस्टरला हे लगेच कळते. तो आपली वाढवण्याची क्षमता आपोआप उतरवतो, दिव्याचा रंग बदलतो आणि तरीही चक्र थांबले नाही तर स्वतःला बंद करतो. ६० डेसिबल वाढवणारी पेटी पूर्ण क्षमतेने चालायची असेल, तर दोन अँटेनांमध्ये त्याहून बऱ्यापैकी जास्त, म्हणजे ७५ डेसिबलच्या आसपास अडसर असावा लागतो. पेटी महागडी घेतली आणि अँटेना जवळजवळ बसवल्या, तर क्षमतेचा मोठा भाग वापरलाच जात नाही.

हा अडसर वाढवण्याचे मार्ग साधे आहेत, पण ते बसवण्यापूर्वी सुचावे लागतात. आडव्या अंतरापेक्षा उभे अंतर जास्त उपयोगी पडते, म्हणून बाहेरची अँटेना गच्चीच्या वर खांबावर आणि आतली खालच्या मजल्यावर असेल तर मधला काँक्रीटचा स्लॅब आपल्या बाजूने काम करतो. जी भिंत एरवी सिग्नल अडवते म्हणून आपण तिला दोष देतो, तीच इथे मदतीला येते. दोन्ही अँटेना एकमेकींकडे पाठ करून असाव्यात: बाहेरची टॉवरकडे तोंड करून, आतली घराच्या मधल्या भागाकडे. पत्र्याच्या किंवा लाकडी छताच्या एकमजली घरात हे साधणे कठीण जाते, आणि तिथे बाहेरची अँटेना घरापासून थोडी दूर, वेगळ्या खांबावर न्यावी लागते. खिडकीच्या बाहेर एक अँटेना आणि त्याच खिडकीच्या आत दुसरी, अशी मांडणी मी पाहिली आहे. तिच्यात बूस्टर जवळजवळ झोपलेला असतो.

बाहेरच्या अँटेनाचे मुख्य दोन प्रकार आहेत. चहू बाजूंनी सिग्नल घेणारी अँटेना बसवायला सोपी आणि वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळ्या कंपन्यांचे टॉवर असतील तिथे सोयीची असते, पण तिची पकड कमी. एकाच दिशेने पाहणारी यागी किंवा लॉग-पिरिऑडिक अँटेना दूरच्या टॉवरसाठी चांगली. सिग्नल कमजोर असेल तर मी निःसंशय दुसरी निवडेन. तिच्या दिशाप्रियतेचा आणखी एक मोठा फायदा आहे. समजा आपल्या कंपनीचा टॉवर दूर आहे आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीचा टॉवर घराच्या अगदी जवळ, तोही शेजारच्याच पट्ट्यात काम करणारा. अनेक कंपन्यांचे सिग्नल एकत्र वाढवणारा बूस्टर त्या जोरदार सिग्नलनेच भरून जातो, स्वतःला वाचवण्यासाठी क्षमता खाली आणतो, आणि आपला बिचारा दूरचा सिग्नल जिथल्या तिथे राहतो. अशा वेळी अँटेना आपल्या टॉवरकडे वळवण्याइतकेच त्या जवळच्या टॉवरला तिच्या पाठीशी ठेवणे महत्त्वाचे ठरते. दिशा ठरवताना अँटेना थोडी थोडी फिरवावी, प्रत्येक वेळी थांबून आत कोणाला तरी आकडा वाचायला सांगावे. सर्वांत चांगला आकडा टॉवरच्या सरळ रेषेतच मिळेल असे नाही, कारण समोरच्या इमारतीवरून परावर्तित होऊन येणारा सिग्नल कधी कधी सरस निघतो.

केबलविषयी थोडक्यात सांगते, पण दुर्लक्ष करू नका. जाड, कमी गळतीची एलएमआर-४०० प्रकारची केबल ९०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे १३ डेसिबल खाते. आरजी-५८ सारखी पातळ केबल त्याच्या तिप्पट-चौपट खाते, आणि वरच्या पट्ट्यांत दोघींचेही नुकसान वाढते. म्हणून केबल लागेल तेवढीच घ्यावी, उरलेली गुंडाळी करून ठेवू नये, तिला तीव्र वळणे देऊ नयेत आणि बाहेरचे सांधे पाणी शिरणार नाही अशा पट्टीने गच्च बांधावेत. कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी काही महिन्यांनी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकणारा एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळून तिथेच गळते. उंचावर धातूचा खांब उभारला की विजेचा धोका आलाच. खांबाला नीट अर्थिंग करावे आणि केबलच्या वाटेवर वीजसंरक्षक बसवावा. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

बँडची नोंद ठेवायला मी वर सांगितले होते, तिचा उपयोग आता येतो. बूस्टर ठरावीक पट्ट्यांसाठीच बनवलेला असतो, आणि आपला फोन ज्या पट्टीवर आहे ती त्यात नसेल तर तो कितीही उत्तम असला तरी व्यर्थ. त्यातही एक पेच आहे. काही पट्ट्यांत येणाऱ्या आणि जाणाऱ्या सिग्नलसाठी वेगवेगळ्या वारंवारता असतात, तर काहींत एकाच वारंवारतेवर आळीपाळीने, क्षणाच्या बारीक तुकड्यांत, येणे-जाणे चालते. दुसऱ्या प्रकारात कोणत्या क्षणी कोणती दिशा वाढवायची हे बूस्टरला टॉवरच्या तालावर ओळखावे लागते, आणि घरगुती बूस्टरपैकी पुष्कळांना ते येत नाही. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा ५जी नेमका याच प्रकारात मोडतो. म्हणून ‘५जी चालतो’ एवढ्या शब्दांवर समाधान न मानता पट्ट्यांची यादी पाहावी. शिवाय ४जी आणि ५जी फोन एकाच वेळी दोन किंवा अधिक अँटेनांवरून वेगळे प्रवाह घेऊन वेग वाढवतात, तर साधा बूस्टर एकाच केबलमधून एकच प्रवाह आत आणतो. ज्या खोलीत मुळात बरा सिग्नल होता तिथे बूस्टर लावल्यावर काड्या वाढूनही इंटरनेटचा वेग घटला, तर त्याचे कारण बहुधा हेच असते. बोलण्यासाठी बूस्टर घेणे आणि वेगासाठी घेणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत. वेग हवा असेल तर बाहेर दोन अँटेना लावता येणारा सिमकार्डचा राउटर घ्यावा आणि घरात वाय-फाय पसरवावे, हे मी अधिक पसंत करते.

याच्या पुढची गोष्ट आपल्या घरापुरती मर्यादित नाही, आणि म्हणून ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बूस्टर हा एक प्रक्षेपक आहे. त्याची गळती, त्याची ती न ऐकू येणारी किंकाळी किंवा त्याने टॉवरकडे सतत पाठवलेला गोंधळ यांमुळे टॉवरला त्या भागातल्या सगळ्यांचेच फोन ऐकणे अवघड होते. आपल्या घरात काड्या पूर्ण भरलेल्या दिसत असताना त्याच टॉवरवर असलेल्या कोणाचा तरी तातडीचा कॉल लागत नाही, ही शक्यता खरी आहे. स्वतःवर नियंत्रण न ठेवणाऱ्या, कोणतेही प्रमाणपत्र नसलेल्या पेट्या म्हणूनच धोकादायक आहेत. बहुतेक देशांत यावर नियम आहेत आणि ते एकसारखे नाहीत. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने २०१३ मध्ये घरगुती बूस्टरसाठी नियम केले. तिथे प्रमाणित उपकरणच वापरावे लागते आणि आपल्या मोबाइल कंपनीकडे त्याची नोंदणी करावी लागते. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने २०१८ पासून ठरावीक तांत्रिक अटी पाळणाऱ्या घरगुती रिपीटरना (बूस्टरचेच दुसरे नाव) वेगळ्या परवान्याची गरज ठेवलेली नाही. भारतात मात्र परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज इतर कोणीही बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदेशीर असल्याचे दूरसंचार विभागाने स्पष्ट केलेले आहे. ऑनलाइन दुकानात वस्तू दिसते म्हणून ती वापरायला मोकळीक आहे असे समजू नये. भारतात योग्य मार्ग एकच, तो म्हणजे आपल्या कंपनीकडे मोजमापाच्या आकड्यांसह लेखी तक्रार करणे आणि तिच्याकडूनच उपाय मागणे. ‘रेंज नाही’ या दोन शब्दांपेक्षा कोणत्या खोलीत, कोणत्या बँडवर, किती डीबीएम मिळतात हे लिहिलेली तक्रार तंत्रज्ञापर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त असते.

कंपनीकडून मिळू शकणारा एक उपाय म्हणजे फेमटोसेल. हा घराच्या इंटरनेटला जोडलेला अगदी छोटा टॉवरच असतो, त्यामुळे बाहेर शून्य सिग्नल असला तरी तो काम करतो, जे बूस्टरला कधीच जमणार नाही. तो कंपनीच्याच परवानगीने चालतो आणि साधारणपणे त्या एका कंपनीच्या फोनना सेवा देतो. वाय-फाय कॉलिंग आल्यापासून घरांसाठी तो देण्याचे प्रमाण कमी झाले असले, तरी साधे फोन वापरणारी वृद्ध माणसे घरात असतील तर विचारून पाहायला हरकत नाही. फोनच्या पाठीला चिकटवायचे ‘सिग्नल वाढवणारे’ स्टिकर मात्र विसरून जावेत. त्यांत ना वीज, ना सिग्नल वाढवणारा कोणता भाग, आणि धातूचा तो तुकडा फोनच्या अँटेनाला अडथळाच करण्याची शक्यता अधिक. विजेशिवाय चालणारी, दोन अँटेना नुसत्या केबलने जोडलेली मांडणी भौतिकशास्त्राला धरून आहे, पण टॉवर अगदी जवळ असेल आणि फोन आतल्या अँटेनाला जवळजवळ टेकवला असेल तरच तिचा परिणाम जाणवतो.

जिथे कायद्याने परवानगी आहे आणि मोजमापही अनुकूल आहे, तिथे बसवण्याच्या दिवशी काहीही कायमचे ठोकण्याआधी सगळे तात्पुरते जोडून पाहावे. बाहेरची अँटेना आधी हाताने धरून, मग खांबाला दोरीने बांधून, पेटीवरचे दिवे आणि फोनवरचे आकडे पाहावेत. आतली अँटेना ज्या खोलीत सर्वांत जास्त वावर असतो तिथे, किंवा आजारी माणूस झोपतो त्या खोलीजवळ ठेवावी; घराच्या अगदी मध्यावर ठेवण्याचा हट्ट करू नये, कारण लहान बूस्टरची सेवा आधी गरजेच्या जागेला मिळालेली बरी. जिन्यात, माळ्यावर किंवा गच्चीच्या दाराशी ठेवलेली पेटी उन्हाने तापते आणि तिचे आयुष्य घटते, म्हणून तिला हवेशीर आणि कोरडी जागा द्यावी. घरातल्या सर्वांना, विशेषतः मोठ्या माणसांना, एक गोष्ट आवर्जून सांगावी: आणीबाणीच्या क्रमांकावर फोन केला तर आपला पत्ता तोंडी, पूर्ण सांगायचा. बूस्टरमधून गेलेल्या कॉलवर आपले नेमके ठिकाण चुकीचे दिसू शकते किंवा दिसणारही नाही, आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बूस्टरवर हा इशारा छापणे बंधनकारक आहे.

बसवून झाल्यावर सुरुवातीला जिथे जिथे आकडे घेतले होते, तिथे तिथे पुन्हा घेऊन जुन्या आकड्यांशेजारी लिहावेत आणि तो कागद पेटीजवळच ठेवावा. कंपन्या जुनी ३जी सेवा बंद करतात, त्या पट्ट्या ४जी किंवा ५जीला देतात, नवा टॉवर उभा राहतो, समोरचे झाड वाढते किंवा मध्ये एखादी इमारत येते, आणि वर्षभरापूर्वी अचूक लावलेली अँटेना चुकीच्या दिशेला पाहत राहते. रेंज पुन्हा ढासळल्यासारखी वाटली, तर नवीन पेटी शोधण्याआधी त्या कागदावरचा गच्चीवरचा आकडा आजच्या आकड्याशी ताडून पाहावा. गच्चीवरचा आकडा तोच असेल तर दोष केबलमध्ये, सांध्यात किंवा पेटीत आहे. तोही घसरला असेल तर बाहेर काहीतरी बदलले आहे, आणि अँटेना पुन्हा फिरवून पाहावी लागेल. नवा टॉवर जवळच उभा राहिला असेल, तर बूस्टर बंद करूनही एकदा मोजावे. त्याच्याशिवाय काम भागत असेल तर तो काढून ठेवावा.